वामीपासून मशेरीपर्यंत

हर्णेच्या बंदरात संध्याकाळचा लिलाव भरात आला की वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडा यांचे ढीग लागतात, होड्यांकडून बैलगाड्या पाण्यातून येत राहतात आणि सगळ्यांचे कान बोलीकडे असतात. त्या गडबडीत वाळूवर जे सांडतं ते कुणाच्याच हिशेबात नसतं. वामीच्या अंगावरची बुळबुळ, कल्ल्यांतून गळणारं रक्त, मुशीच्या पोटातली अंडी, नरमाशाच्या पोटातल्या पांढऱ्या पिशव्या. पेशीच्या आतला गोल गाभा, म्हणजे केंद्रक, आणि त्या केंद्रकातली मांडणी माणसाला कळत गेली त्यात या चारही गोष्टींचा मोठा वाटा आहे. म्हणून या शोधाचा मागोवा मला इथल्या वाळूवरून घ्यावासा वाटतो. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. हा माग फिरत फिरत शेवटी कोकणातल्या बायकांच्या तोंडापर्यंत येतो, आणि तिथे तो जगण्यामरण्याचा प्रश्न होतो.

हर्णेसमोरचा सुवर्णदुर्ग १७५५ साली कमोडोर जेम्सने आंग्र्यांकडून घेतला. त्यानंतर २६ वर्षांनी, १७८१ मध्ये, फेलिचे फोंताना या इटालियन अभ्यासकाने सापाच्या विषावरचा आपला मोठा ग्रंथ छापला. त्या ग्रंथात विषाशी थेट संबंध नसलेली एक नोंद आहे. ईल माशाच्या, म्हणजे आपल्या वामीच्या गोड्या पाण्यातल्या भावकीच्या, कातडीवरचा चिकट थर त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात लहान लहान पिशव्या दिसल्या, प्रत्येक पिशवीत एक लंबगोल कण, आणि त्या कणाच्या आत आणखी एक ठिपका. फोंतानाने ते जसं दिसलं तसं रेखाटलं. त्या ठिपक्याला आज केंद्रकी म्हणतात. पेशीत प्रथिनं बनवणारे जे रायबोसोम असतात, त्यांचे भाग या केंद्रकीत तयार होतात. मला या नोंदीचं मोल असं वाटतं की केंद्रकाच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांपैकी एका चित्रातच त्याच्या आत वेगळ्या जागा आहेत हे दिसून गेलं होतं. त्याचा अर्थ लावायला पुढची दोनशे वर्षं लागली.

फोंतानाच्या आधी हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हनहुकने, स्वतः घासलेल्या भिंगांतून, सामन माशाचं रक्त पाहिलं होतं. रक्तपेशी लंबगोल दिसल्या आणि प्रत्येकीच्या मधोमध एक वेगळी, फिकट जागा. ती जागा म्हणजे केंद्रक. लेव्हनहुकने रक्त माशाचं घेतलं हे फार बरं झालं. माणसाच्या बोटाला सुई टोचून आलेल्या थेंबातल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं. अस्थिमज्जेत तयार होताना सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशी ते बाहेर टाकून देतात. मासे, पक्षी, बेडूक यांच्या तांबड्या पेशी मात्र केंद्रक शेवटपर्यंत सांभाळतात. सुरमईच्या कल्ल्यातून गळलेल्या एका थेंबात लाखो केंद्रकं असतात. याच गुणामुळे माशाचं रक्त आज पाण्याचं प्रदूषण तपासायला वापरतात. त्याबद्दल पुढे येईलच.

केंद्रकाला त्याचं आजचं लॅटिन नाव मिळालं ते रॉबर्ट ब्राऊनकडून, १८३१ मध्ये, लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात. त्याने ते आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, पेशींत पाहिलं आणि इतर काही वनस्पतींच्या पेशींतही ते आढळतं हे नोंदवलं. ब्राऊनमुळे केंद्रक सगळ्यांच्या नजरेत आलं, पण ते कशाचं बनलंय आणि आत काय चालतं याचा पत्ता लागायला पुन्हा माशाकडेच यावं लागलं.

फ्रीड्रिश मीशर हा स्विस तरुण डॉक्टर १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेन गावी, किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत काम करत होता. जवळच्या शस्त्रक्रिया रुग्णालयातून तो पू भरलेल्या पट्ट्या मागवून घ्यायचा. पुवातल्या पांढऱ्या पेशी धुऊन, डुकराच्या जठरातून काढलेल्या पेप्सिनने त्यांची प्रथिनं पचवून, मागे राहिलेली केंद्रकं त्याने वेगळी केली. त्यांतून एक आम्लधर्मी, फॉस्फरस असलेला पदार्थ निघाला. त्याला त्याने न्यूक्लीन म्हटलं. आपण त्याला डीएनए म्हणतो. पुढे मीशर बाझलला परतला. तिथे ऱ्हाईन नदीतून सामन मासे अंडी घालायला वर येत. वीण जवळ आलेल्या नरमाशाच्या पोटातल्या त्या पांढऱ्या पिशव्या शुक्राणूंनी गच्च भरलेल्या असतात, आणि शुक्राणूचं डोकं म्हणजे जवळजवळ निव्वळ केंद्रकच. पट्ट्यांवरच्या पुवापेक्षा हा माल कितीतरी शुद्ध. पदार्थ खराब होऊ नये म्हणून मीशर ऐन हिवाळ्यात, गारठलेल्या खोलीत काम करायचा. १८७४ मध्ये त्याला न्यूक्लीनसोबत एक विम्लधर्मी पदार्थ सापडला, तो प्रोटामीन. आम्लधर्मी डीएनए आणि त्याला घट्ट आवळणारा विम्लधर्मी साथीदार, अशी जोडी पहिल्यांदा हाताला लागली. दहा वर्षांनी आल्ब्रेख्त कोसेलने हंसाच्या तांबड्या पेशींतून दुसरा एक साथीदार काढला, हिस्टोन. कोसेलने नंतर अनेक माशांचे प्रोटामीन तपासले, आणि १९१० चं नोबेल त्याला मिळालं.

मीशर १८९५ मध्ये क्षयाने गेला. आपल्याला काय सापडलंय याची पुरती कल्पना त्याला आली नाही, तरी त्याचं काम वाचताना मला त्याच्या चिकाटीचा आदर वाटल्यावाचून राहत नाही. कारण आज केंद्रकाच्या मांडणीचा जो पहिला धडा शिकवतात तो त्याच्या आणि कोसेलच्या प्रयोगांतून आलेला आहे. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि केंद्रकाचा व्यास असतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी. आठ हिस्टोनांच्या एका गठ्ठ्याभोवती डीएनएतल्या अक्षरांच्या सुमारे १४७ जोड्या गुंडाळलेल्या असतात, मग थोडा मोकळा धागा, मग पुढचा गठ्ठा. ही रचना १९७४ मध्ये स्पष्ट झाली. जिथे धागा सैल तिथली जनुकं वाचली जातात, जिथे दाट तिथली गप्प असतात. पेशी यकृताची होणार की मेंदूची, हे कोणता भाग सैल ठेवायचा आणि कोणता आवळायचा यावर खूपसं अवलंबून असतं.

हे सगळं डोळ्यांना दिसायला रंग लागले. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या कांपेचे भागात एक झाड होतं. त्याच्या लाकडातून निघणारा हिमॅटॉक्सिलिन हा रंग युरोपात कापड रंगवायला जायचा. तुरटीबरोबर तो केंद्रकावर निळा-जांभळा चढतो हे १८६५ च्या सुमारास कळलं. आज मुंबईत असो की चिपळुणात, बायोप्सीच्या काचपट्टीवर केंद्रक निळं दिसतं ते याच रंगामुळे. अशा रंगांच्या आधारे वाल्टर फ्लेमिंगने कीलमध्ये सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशी पाहिल्या, रंग धरणाऱ्या त्या द्रव्याला क्रोमॅटिन म्हटलं आणि पेशी दुभंगताना त्या द्रव्याचे धागे कसे वेगळे होतात हे १८८२ च्या पुस्तकात दाखवलं. योहान्नेस रुकर्टने १८९२ मध्ये मुशीच्या जातीच्या माशाच्या अपक्व अंड्यात गुणसूत्रं पाहिली. त्यांच्या दोन्ही अंगांनी असंख्य वळसे बाहेर निघालेले होते. ते वळसे म्हणजे त्या घडीला वाचली जाणारी जनुकं, हे पुढे समजलं.

पण मुख्य प्रश्न वेगळाच होता. पेशी दुभंगत नसते तेव्हा गुणसूत्रं दिसत नाहीत. मग ती असतात कुठे? विरघळून एकमेकांत मिसळतात, की आपापल्या जागी राहतात? कार्ल राब्लने १८८५ मध्ये सॅलॅमँडरवरून म्हटलं की ती जागा सोडत नाहीत. टेओडोर बोवेरीने घोड्याच्या आतड्यातल्या जंताची भ्रूणं वर्षानुवर्षं पाहून १९०९ मध्ये तेच अधिक ठामपणे मांडलं. प्रत्येक गुणसूत्राचा केंद्रकात स्वतःचा मुलूख असतो. हर्णेसारख्या गावात जशा वाड्या असतात, प्रत्येकीची हद्द ठरलेली, हद्दीवर थोडी सरमिसळ, बाजाराजवळच्या वाडीत दिवसभर वर्दळ आणि कडेच्या वाडीत शांतता, तसं केंद्रक असतं असं समजायला हरकत नाही.

बोवेरीचं हे म्हणणं नंतर मागे पडलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला, त्यातून केंद्रकात वाड्या काही दिसेनात, सगळीकडे सारखाच गुंता दिसला. १९६० आणि ७० च्या दशकांत बहुतेक अभ्यासक गुणसूत्रं मोकळेपणी पसरलेली असतात असंच मानत. ते मत फिरवलं टोमास क्रेमर आणि त्याचा भौतिकशास्त्रज्ञ भाऊ क्रिस्टोफ यांनी. प्रयोगाची कल्पना सरळ आणि फार सुंदर आहे. अतिनील लेसरचा बारीक झोत हॅम्स्टरच्या पेशीच्या केंद्रकात एकाच ठिकाणी मारायचा. गुणसूत्रं सगळीकडे पसरलेली असतील तर त्या एका जागेवर अनेक गुणसूत्रांचे तुकडे सापडतील आणि त्या सगळ्यांना इजा होईल. प्रत्येकाची जागा वेगळी असेल तर इजा मोजक्याच गुणसूत्रांना होईल. मग पेशी दुभंगेपर्यंत थांबायचं आणि गुणसूत्रं उघड झाली की मोजायचं. इजा मोजक्यांनाच झालेली निघाली. १९८२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं तेव्हा बोवेरीच्या मांडणीला सत्तरहून अधिक वर्षं झाली होती. पुढे प्रत्येक गुणसूत्राला वेगळा चमकता रंग देण्याची पद्धत आली आणि ते मुलूख थेट दिसू लागले.

मग एक फार बोलकी गोष्ट समोर आली. माणसाची १८ आणि १९ क्रमांकाची गुणसूत्रं लांबीला साधारण सारखी. १९ वर जनुकांची गर्दी, १८ वर ती विरळ. एडिंबरोच्या वेंडी बिकमोर यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं की १९ केंद्रकाच्या मध्याकडे राहतं आणि १८ कडेला. जागा आणि काम यांचा संबंध असतो याचा इतका स्वच्छ पुरावा आधी नव्हता. या नियमाला एक देखणा अपवादही आहे. रात्री फिरणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या, उदाहरणार्थ उंदराच्या, डोळ्यातल्या दंडपेशींमध्ये ही मांडणी उलटी असते. दाट क्रोमॅटिन मधोमध येतं आणि अंधूक प्रकाश त्यातून नीट पुढे जातो. दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांत ती नेहमीसारखी असते. हे २००९ मध्ये कळलं.

आता हा माग महाराष्ट्रात आणतो, कारण तो इथे आणणारी माणसं आपली आहेत आणि त्यांची नावं आपल्या घरांत पुरेशी घेतली जात नाहीत. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, १९१७ मध्ये पुण्यात जन्मल्या. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी.साठी सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. म्हणजे त्यांची सुरुवातही केंद्रकाच्या आत पाहण्यापासूनच झाली. पुढे मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी., मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे. पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवण्याचं तंत्र तिथे शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. भारतीय रुग्णाच्या गाठीतली पेशी जिवंतपणी, दिवसेंदिवस पाहण्याची सोय त्यामुळे झाली.

खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल सुरू झालं तेव्हापासून तिथल्या प्रयोगशाळेचा भार त्यांच्यावर होता. १९४४ मध्ये त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १००० रुग्णांचा आढावा ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे इतका का, आणि तो तोंडात नेमक्या कोणत्या जागी येतो, याचा संबंध पान-तंबाखूच्या सवयींशी लावून पाहणारं हे सुरुवातीचं मोठं भारतीय काम. एक हजार बायोप्सी म्हणजे एक हजार वेळा निळ्या केंद्रकांवर नजर रोखून निर्णय देणं. हे श्रम आकड्यांत दिसत नाहीत.

केंद्रकाकडे पाहून कर्करोग कसा ओळखतात? फोन हान्सेमान या बर्लिनच्या विकृतिशास्त्रज्ञाला १८९० मध्ये गाठींच्या पेशींत गुणसूत्रांची असमान वाटणी दिसली. त्यानंतर बोवेरीने नेपल्सच्या सागरी केंद्रात समुद्री साळूच्या अंड्यात दोन शुक्राणू शिरतील अशी व्यवस्था केली. अशा अंड्यांच्या विभागणीत गुणसूत्रं वेडीवाकडी वाटली जातात आणि भ्रूण बिघडतं. त्यावरून १९१४ च्या छोट्या पुस्तकात त्याने लिहिलं की कर्करोगाची गाठ बहुधा गुणसूत्रांची वाटणी बिघडलेल्या एकाच पेशीपासून वाढते. काचपट्टीवर हा बिघाड असा दिसतो: केंद्रक पेशीच्या मानाने मोठं झालेलं, रंग गडद, कड खडबडीत, क्रोमॅटिनचे बेडौल गठ्ठे, केंद्रकी फुगलेली किंवा एकाऐवजी तीन-चार. फोंतानाला ईलच्या बुळबुळीत दिसलेला तोच ठिपका. भराभर वाढणाऱ्या पेशीला रायबोसोम जास्त लागतात, म्हणून केंद्रकी फुगते.

आणि आता मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि ती पूड बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी बायका दिवसाची सुरुवात हिनेच करतात. पहाटे बोटी लागण्याआधी एकदा, दुपारी एकदा, भूक मारायला एकदा. बिडी ओढणाऱ्या बाईला नावं ठेवणारं घरही मशेरीला दात घासणंच समजतं, आणि म्हणून ती मुलींच्या हातात लहानपणीच येते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. व्ही. भिडे यांच्या गटाने १९८० च्या दशकात मशेरी प्राण्यांना देऊन पाहिली आणि तिने गाठी होतात हे दाखवलं. त्याआधी फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १ लाख १ हजार ७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून तोंडाचा कर्करोग, त्याआधीच्या अवस्था आणि तंबाखूच्या सवयी यांचा हिशेब १९७२ मध्ये मांडला होता. इतकी तोंडं प्रत्यक्ष गावांत जाऊन तपासली गेली, हे आजही थक्क करणारं आहे.

तंबाखूतली आणि तिच्या राखेतली द्रव्यं गालाच्या आतल्या कातडीत शिरून डीएनएचा धागा तोडतात. पेशी दुभंगताना तुटलेला तुकडा, कधी अख्खं गुणसूत्र, मागे पडतं. दोन नवी केंद्रकं तयार होतात आणि मागे पडलेल्याभोवती वेगळा पडदा तयार होऊन मुख्य केंद्रकाशेजारी एक बारीक, निळा गोळा उरतो. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. लाकडी पट्टीने गाल आतून खरवडून, काचेवर पसरून, रंगवून हे गोळे मोजता येतात. निरोगी माणसात हजार पेशींत एखाददुसराच सापडतो. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या अभ्यासकांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर पान आणि तंबाखू खाणाऱ्यांच्या गालांतली सूक्ष्मकेंद्रकं मोजली, ते काम १९९१ मध्ये आलं. माशांत हेच रक्तावर करतात. खाडीच्या पाण्यात रसायनं असली की माशाच्या तांबड्या पेशीत, केंद्रकाशेजारी, तसाच गोळा दिसू लागतो.

सूक्ष्मकेंद्रकं बरीच वर्षं केवळ इजेची खूण मानली जात. २०१२ नंतर कळलं की ती स्वतःच इजा करतात. त्यांचा पडदा कच्चा असतो आणि मध्येच फाटतो. आतलं गुणसूत्र उघडं पडतं, त्याचे एका झटक्यात शेकडो तुकडे होऊ शकतात, आणि पुढच्या विभागणीत ते तुकडे वाटेल त्या क्रमाने जोडले जाऊन मुख्य केंद्रकात परत येतात. कर्करोगाच्या कितीतरी गाठींत एखादंच गुणसूत्र असं चुरगाळलेलं का सापडतं, याचं उत्तर त्यातून मिळालं.

केंद्रकाच्या रूपावरून कर्करोग आधीच पकडता येईल ही कल्पना ग्रीक-अमेरिकन डॉक्टर पापानिकोलाउची. गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर पसरून तपासण्याची त्याची पद्धत १९४३ च्या पुस्तकाने जगभर गेली आणि श्रीमंत देशांत तिने अगणित बायका वाचवल्या. आपल्याकडे तिचं काय झालं हे समजून घ्यायला बार्शीकडे पाहावं लागतं. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका अभ्यासात घेतल्या. बार्शीचे डॉ. बी. एम. नेने या कामाच्या मध्यभागी होते. बायकांचे चार गट केले. कुणाची हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी, कुणाची पापानिकोलाउची, कुणाची ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी, कुणाला नेहमीची सेवा. २००९ मध्ये निष्कर्ष आले. विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. पापानिकोलाउच्या गटात म्हणावी अशी घट दिसली नाही. केंद्रकं खोटं बोलत नव्हती. पण एकदाच केलेल्या तपासणीत पद्धतीला मर्यादा असतात, आणि ती वारंवार करायची तर काचपट्ट्या वाचणारी तरबेज माणसं जिल्ह्या-जिल्ह्यांत लागतात.

ॲसेटिक आम्लाची गोष्ट मात्र मला या सगळ्या मागोव्यात फार मोलाची वाटते. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल, सौम्य करून गर्भाशयमुखाला लावतात आणि मिनिटभर थांबतात. पेशींमधली प्रथिनं, त्यांतही केंद्रकांतली, तात्पुरती गोठतात. जिथे केंद्रकं मोठी आणि दाटीने असतात तो भाग पांढरा पडतो. सूक्ष्मदर्शक नाही, रंग नाहीत, आणि तरी नर्सच्या उघड्या डोळ्यांना केंद्रकांची गर्दी दिसते. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांचे दोन गट करून एका गटाची, दर दोन वर्षांनी, प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ही तपासणी करवली आणि २०१४ मध्ये सांगितलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने गावागावांतल्या बायकांची तोंडं तपासण्याचं काम हाती घेतलं आहे, तेही याच वाटेवरचं.

कर्करोगाच्या पेशीत केंद्रकाची कड खडबडीत का होते, याचं उत्तर कडेच्याच अभ्यासातून आलं. पडद्याला आतून लागून लॅमिन नावाच्या प्रथिनांची जाळी असते. ती केंद्रकाला आकार देते आणि कडेच्या गुणसूत्रांना धरून ठेवते. १९९९ मध्ये पॅरिसच्या जिझेल बॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लॅमिन-ए च्या जनुकातल्या दोषाने एमरी-ड्रायफुस हा स्नायूंचा आजार होतो. त्यात टाचांचे स्नायूबंध आखडतात, दंड-पोटऱ्या वाळतात आणि हृदयाची लय बिघडते. २००३ मध्ये त्याच जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाने प्रोजेरिया होतो हे कळलं. ‘पा’ चित्रपटामुळे हा आजार आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. त्या मुलांच्या पेशींची केंद्रकं गोल राहत नाहीत, त्यांना फुगे येतात, दुमडी पडतात. कडेचं दाट क्रोमॅटिन सुटतं आणि पेशी अकाली म्हातारी होते. २०२० मध्ये अमेरिकेत लोनाफार्निब या औषधाला मान्यता मिळाली. त्याने आयुष्य थोडं वाढतं, आजार जात नाही. आपल्या देशात लॅमिनवर दीर्घ काम केलं ते हैदराबादच्या सीसीएमबीतल्या वीणा परनाईक यांनी. त्यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं की लॅमिन कडेलाच नसतं, केंद्रकाच्या आतही त्याचे ठिपके असतात, आणि जनुकांचा निरोप कापून-जोडून तयार करणारी प्रथिनं त्याच ठिपक्यांत आढळतात.

पुण्याच्या आयसरमध्ये कुंदन सेनगुप्ता यांच्या प्रयोगशाळेने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत लॅमिन बी-२ कमी करून पाहिलं. २०१७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की अशा काही पेशींत गुणसूत्रांची संख्या चुकते आणि १८ व १९ ही गुणसूत्रं केंद्रकातली आपली नेहमीची जागा सोडतात. त्याच शहरात संजीव गलांडे यांनी सॅटबी-१ या प्रथिनावर वर्षानुवर्षं काम केलं. ते दूरदूरच्या जनुकांना एकत्र आणून बांधतं, आणि गाठींत ते नको तिथे, नको तितकं आढळतं. मशेरी लावणाऱ्या बाईच्या हिरडीवरून काढलेल्या तुकड्याच्या अहवालात यातलं काही अजून येत नाही. तिथे आजही केंद्रकाचा आकार, रंग, कड आणि केंद्रकी हेच लिहिलेलं असतं, खानोलकरांच्या काळात लिहायचे तेच. संशोधकांमध्ये प्रश्न चालू आहे तो आधी काय बिघडतं याचा. बोवेरीने गुणसूत्रांच्या संख्येकडे बोट दाखवलं होतं, लॅमिनवरचे प्रयोग मांडणीकडे दाखवतात, आणि तंबाखूने पोळलेल्या गालातल्या सूक्ष्मकेंद्रकात दोन्ही बिघाड एकाच ठिकाणी सापडतात.